तुम्ही विचारलंत म्हणून: टर्मिनेटर पुन्हा उभा राहील का?

नागपूरच्या महाल भागात माझी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. ती बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी बडकस चौकात चहाला थांबलो की जुनं गिऱ्हाईक भेटतंच. घरच्यांची विचारपूस झाली की प्रश्न ठरलेला, "भाऊ, टर्मिनेटर आता पुन्हा चालन का?" टर्मिनेटर म्हणजे भविष्यातून माणसाच्या रूपात आलेल्या मारेकरी यंत्राची हॉलिवूडची सिनेमामालिका. चहा संपेपर्यंत देता येईल असं या प्रश्नाचं उत्तर नाही, म्हणून इथे लिहितोय.

चालेल. पण मागचे चार भाग गेले त्या वाटेने गेला तर नाही.

आधी दुसऱ्या भागाच्या कॅसेटबद्दल सांगतो. सिनेमा १९९१ चा. माझ्याकडे त्याच्या दोन प्रती होत्या आणि दोन्ही नेमक्या एकाच जागी खराब झाल्या होत्या. टेप ओढून ट्यूबलाइटखाली धरली की तेवढ्याच पट्ट्यावर बारीक सुरकुत्या दिसायच्या. टीव्हीवर तिथे पांढऱ्या रेघा यायच्या, ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवा. मनोरुग्णालयातला प्रसंग आहे तो. टी-वन थाउजंड हे पाऱ्यासारख्या धातूचं, हवा तो आकार घेणारं मारेकरी यंत्र. तो लोखंडी गजांमधून आरपार निघून जातो. लोक तेवढंच मागे नेऊन, थांबवून थांबवून बघायचे.

मला मात्र त्याच्या पुढचा क्षण जास्त आवडतो. अंग गजांमधून जातं आणि हातातलं पिस्तूल खट्कन अडतं. मग तो मनगट वळवून ते काढून घेतो. पिस्तूल त्याच्या अंगाचा भाग नाही, साधी वस्तू आहे, ती कशी वितळणार? जेमतेम सेकंदाचं काम, पण दिग्दर्शक जेम्स कॅमेरूनने आपल्या राक्षसाला नियम घालून दिले होते आणि स्वतःही ते पाळले होते, हे तिथे दिसतं. नियम ठाऊक असले की बघणारा मनातल्या मनात सुटकेची वाट शोधू लागतो, आणि ती सापडेना की घाबरतो.

पहिला भाग १९८४ चा, सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये केलेला. त्याचे हक्क कॅमेरूनने एका डॉलरला विकले होते. अट एकच, दिग्दर्शन मीच करणार. भविष्यातलं माणसं आणि यंत्रांचं युद्ध त्यात थोडंसंच आहे. बाकी सगळं म्हणजे रात्रीचं लॉस एंजेलिस, वेट्रेसचं काम करणारी सारा नावाची मुलगी आणि तिच्या मागे लागलेलं, कशानेच न थांबणारं ते यंत्र.

दुसऱ्या भागाच्या शेवटी पहिल्या टर्मिनेटरची चिप, त्याचा धातूचा हात आणि स्वतः अर्नोल्ड श्वार्झनेगरने साकारलेला टर्मिनेटर, सगळं वितळलेल्या पोलादात जातं. गोष्ट तिथे पुरी होते. मग २००३ मध्ये सांगितलं, यंत्रं घडवणार असलेला अणुयुद्धाचा प्रलय टळला नव्हता, लांबला होता. २००९ मध्ये थेट युद्धच दाखवलं. २०१५ मध्ये १९८४ सालातल्या घटनाच बदलून टाकल्या. २०१९ मध्ये तर साराच्या ज्या मुलासाठी, जॉनसाठी, एवढं रामायण घडलं, त्याला सुरुवातीलाच मारलं. थेटरात मला त्या वेळी फार वाईट वाटलं. ज्या शेवटाला आम्ही रडलो होतो, तो पुन्हा पुन्हा खोटा ठरवत गेले. लोकांनी पाठ फिरवली यात नवल नाही.

नवी माणसं घेऊनही प्रयत्न झाला. २०२४ मध्ये जपानमधल्या गोष्टीची ॲनिमेशन मालिका आली आणि एका सीझनमध्ये आटोपली. तिच्यातही काळाची गणितं समजावण्यात फार वेळ गेला, असं माझं मत.

तरी मी चालेल म्हणतो, कारण दुसऱ्यांनी करून दाखवलंय. जपानी सिनेमातला राक्षस गॉडझिला १९५४ पासूनचा. २०२३ च्या 'गॉडझिला मायनस वन'ला आधीच्या एकाही भागाची ओळख लागत नाही. युद्धात होरपळलेला जपान, मनाला टोचणी लागलेला एक वैमानिक, आणि समुद्रातून येणारं संकट. खर्च दीड कोटी डॉलरच्या आत, व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम जेमतेम ३५ जणांनी केलेलं, आणि त्यालाच ऑस्कर मिळालं. परग्रहावरच्या शिकाऱ्याच्या 'प्रेडेटर' मालिकावाल्यांनी २०२२ मध्ये गोष्ट सरळ १७१९ सालात नेली, अमेरिकेतल्या कोमांची या मूलनिवासी जमातीतल्या एका मुलीकडे. दोघांनीही जुन्या भागांची डागडुजी करत बसण्यापेक्षा भीती पुन्हा पहिल्यापासून उभी केली.

टर्मिनेटरला ती भीती शोधायला लांब जायला नको. या मे महिन्यात नातू पुण्याहून आला होता. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून दोघांनी पहिला भाग पाहिला. गोळीबाराला तो ढिम्म हलला नाही. मग सारा आईला फोन करते, आई लाडाने बोलते, सारा मोटेलचा फोन नंबर देते, आणि आपल्याला दिसतं की आईच्या घराची नासधूस झालीय आणि फोनवर आईच्या आवाजात यंत्र बोलतंय. नातवाने सिनेमा थांबवला. "आजोबा, हे तर आता खरंच करतात ना?" करतात. नातेवाइकाचा हुबेहूब आवाज काढून पैसे उकळल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. १९८४ मध्ये ही कल्पना होती. आज तेवढ्या एका फोनवर अख्खा सिनेमा उभा राहील, त्याला युद्धही लागणार नाही आणि ऐंशीकडे झुकलेला अर्नोल्डही.

रात्री त्याच्या आईचा रोजच्यासारखा फोन आला. जेवलास का, ऊन लागू देऊ नको, वगैरे. तो नुसता हं हं करत होता. मग हळूच म्हणाला, "आई, मी लहान असताना लिंबाला काय म्हणायचो, सांग बरं."

दुसरा भाग त्याने अजून पाहिलेला नाही. त्यात टर्मिनेटरही जॉनच्या आवाजात फोनवर अशीच परीक्षा घेतो, कुत्र्याचं चुकीचं नाव घेऊन.