तुम्ही विचारलंत म्हणून: नुसते टँकरच का?

गणपतीत आमच्या ह्यूस्टनच्या घरी आरतीला आलेली मंडळी प्रसाद घेऊन झाला की हळूहळू मागच्या खोलीकडे सरकतात. तिथे भिंतीवरच्या फळ्यांवर माझे टँकर आहेत, म्हणजे रेल्वेच्या टाकीवाल्या डब्यांची छोटी मॉडेलं. मोजून १३७. दोन मिनिटं कौतुक होतं, मग प्रश्न येतो. गेल्या वर्षी नागपूरहून लेकीकडे आलेल्या एका काकूंनी तो अगदी मुद्द्याला धरून विचारला: “अहो, एक इंजिन नाही, एक पॅसेंजर डबा नाही, नुसत्या टाक्याच टाक्या! एवढं काय ठेवलंय त्यांच्यात?” माझ्या हातात मोदकांचं ताट होतं, मागे चहाची वाट बघणारे पंधरा जण होते. हसून वेळ मारून नेली. काकू, आता निवांत सांगतो.

मी मनमाडचा. आमचे अण्णा रेल्वेत टीएक्सआर होते. म्हणजे यार्डात उभ्या गाडीच्या कडेने चालत जायचं, चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, ब्रेक, स्प्रिंगा, कपलिंग बघायचं आणि वाघीण बिघडलेली दिसली की तिच्या अंगावर खडूने खूण करून ती सिक लाइनला, म्हणजे आजारी डब्यांच्या दुरुस्तीच्या रुळावर, पाठवायची. सुटीच्या दिवशी मीही त्यांच्या मागे असे. माझं वाचन पाठ्यपुस्तकाइतकंच वाघिणींवर झालं. बाजूला पांढऱ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असायचं: रिकामी वजन किती, माल किती घेते, पीओएच, म्हणजे ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती, कुठल्या वर्कशॉपला कधी झाली, परत कधी जायचं. अण्णा म्हणायचे, “वाघिणीला विचारायचं नसतं, वाचायचं असतं.” उघड्या वाघिणीत कोळसा दिसतो, बंद वाघिणीत काय आहे ते कळत नाही. टाकीचं तसं नाही. आतला माल दिसत नाही, पण बाहेरून वाचता आली तर ती सगळं सांगते.

अमेरिकेत आलो तेव्हा ह्यूस्टनच्या पूर्वेला, शिप चॅनलच्या कडेने पासाडेना, डीअर पार्क, बेटाउनकडे जाताना फाटकावर गाडी अडायची आणि पुढ्यातून टँकरच टँकर जायचे. लोक हॉर्न वाजवायचे, मी वाचत बसायचो. पहिला धडा आठवडाभरात मिळाला. प्रत्येक डब्यावरच्या मालकाच्या खुणेत शेवटचं अक्षर एक्स होतं: यूटीएलएक्स, जीएटीएक्स, टीआयएलएक्स. एक्स म्हणजे डबा रेल्वे कंपनीचा नाही, खासगी मालकाचा. इथले जवळजवळ सगळे टँकर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे नाहीतर माल पाठवणाऱ्यांचे असतात. रेल्वे फक्त ओढते. यातल्या यूटीएलएक्सवाल्या युनियन टँक कार कंपनीची मुळं तर रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये आहेत. १९११ साली सुप्रीम कोर्टाने त्या साम्राज्याचे तुकडे केले, त्यातला हा एक.

आमच्या घरी आलेल्या मुलांना मी एक कोडं घालतो. फळीवरचे दोन टँकर खाली काढतो. एक २१ सेंटिमीटर लांब, दुसरा त्याहून चांगला चार-पाच सेंटिमीटर आखूड. यात जड माल कशात? सगळी मुलं लांबड्याकडे बोट दाखवतात. त्यांचे बापही दाखवतात, आणि त्यातले दोघे केमिकल इंजिनियर होते. उत्तर आखूड. खऱ्या डब्यावर वजनाची मर्यादा असते, आकाराची त्या मानाने कमी. एलपीजी पाण्याच्या निम्म्या वजनाचा, म्हणून त्याची टाकी ३३ हजार गॅलनच्या पुढची, लांबलचक. द्रवरूप क्लोरीन पाण्याच्या जवळपास दीडपट जड, म्हणून ती टाकी १७,३६० गॅलनची, आणि तेवढ्यात ९० टन माल. सल्फ्युरिक ॲसिड त्याहून जड, त्याची टाकी आणखी आटोपशीर. एकदा हे कळलं की अर्धा मैल लांबूनही टँकर ओळखू येतो. वरचं टोपण बघायचं: दाबाखालचा वायू असेल तर सगळे व्हॉल्व्ह माथ्यावरच्या एकाच गोल डब्यात बंद केलेले. साधा द्रव असेल तर बोल्टांनी आवळलेलं झाकण उघड्यावर दिसतं आणि बहुधा पोटाखाली तोटी.

हे सगळं माझ्या फळीवर १:८७ या मापात आहे. या मापाला एचओ म्हणतात. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे इथे साडेतीन मिलिमीटर, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. विकत मिळतो तो डबा बरा असतो, हल्ली तर फार बरा असतो, पन्नास-साठ डॉलर मोजले तर हात लावायला जागा राहत नाही. मला ते नको असतं. मी मॉडेल रेल्वेच्या जत्रांमध्ये टेबलाखालच्या ढिगातून ॲथर्न कंपनीच्या जुन्या निळ्या खोक्यांतली किट शोधतो. त्यांच्या शिड्या आणि रेलिंगच्या कांबी बोटाएवढ्या जाड. तिथे माझं काम सुरू होतं.

कांबीचंच घ्या. टँकरवर चढायला कडेने धरायची जी सळई असते ती खऱ्या डब्यावर साधारण पाऊण इंच जाडीची. सत्याऐंशीने भागा: ०.२२ मिलिमीटर. एवढी बारीक तार नुसत्या श्वासाने वाकते, म्हणून मी ०.३ची पितळी तार घेतो आणि मनाशी तडजोड करतो. पिन व्हाइस म्हणतात ते हाताने फिरवायचं बारीक ड्रिल घ्यायचं, प्लॅस्टिकवरची ओतीव कांब पात्याने तासून काढायची, जागेवर दोन भोकं पाडायची. दाब जरा जास्त झाला की ड्रिलचं टोक आत मोडतं आणि ते काढता येत नाही. तार चिमट्याने दोन्हीकडे काटकोनात वाकवायची, भोकांत सारायची, आतून एक थेंब डिंक. एका डब्याला अशा बऱ्याच कांबी. बायको म्हणते, स्वेटर विणला असतास तर निदान कुणी घातला असता.

माझा पहिला डबा मी फार मन लावून केला आणि तोच सगळ्यात वाईट आहे. मॉडेलचं डबं हलकं असलं की वळणावर रुळांवरून उतरतं, म्हणून वजनाचा एक हिशेब ठरलेला आहे: एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. आठ इंचाच्या डब्याला पाच औंस, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम. बाकी डब्यांत तळाला पट्टी चिकटवतात, टाकीत वजन आधीच आत ठेवून मग तोंड बंद करावं लागतं. मी गॅरेजमधले नट-बोल्ट भरले, वर डिंक ओतला, दोन्ही टोकं चिकटवली, रंग दिला, अक्षरांचे डिकॅल लावले, वर मॅट वार्निशचा हात दिला. तीन आठवड्यांनी डबा रुळावर ठेवला आणि आतून खळ्ळ. डिंक सुटला होता. टाकी उघडायची तर तीन आठवड्यांचं काम फोडावं लागणार. अजून फोडलेली नाही.

रंग देऊन झाला की खरी मजा, म्हणजे डबा मळवणं. इथे टाकी परत वाचावी लागते. जॉर्जिया राज्यात सँडर्सव्हिलच्या आसपास केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती निघते. कागदाला गुळगुळीतपणा आणायला ती लागते. पाण्यात कालवून टँकरने जाते. तो टँकर माथ्याच्या झाकणापासून खाली दोन्ही बाजूंना पांढऱ्या ओघळांनी माखलेला असतो, जणू कुणी वरून चुन्याची बादली उपडी केली. वितळलेल्या गंधकाच्या टाकीवर पिवळे पोपडे. कच्च्या तेलाच्या टाकीवर काळा, चकचकीत ओघळ, त्यावर धूळ बसून कडा करड्या झालेल्या. ओघळ काढायला मी तेलरंगाचा एक ठिपका ठेवतो आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वरून खाली एकदाच ओढतो. दुसऱ्यांदा ओढला की ओघळ मरतो. धुळीसाठी खडू किसून ती पूड. साधा शाळेचा खडू. इतर लोक त्यासाठी महागड्या बाटल्या घेतात, माझा त्यावर विश्वास नाही.

चुकलोही आहे. एक सुरेख काळा टँकर १९७८ सालचा म्हणून केला आणि त्याच्या कडेला पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावल्या, कारण फाटकावर रोज तशाच बघत होतो. एका जत्रेत सत्तरीच्या एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, डबा डोळ्यांजवळ नेला आणि अगदी मायेने म्हणाले, “पोरा, या पट्ट्या २००५च्या नियमाने आल्या.” तेव्हापासून मी आधी साल ठरवतो. साल ठरलं की निम्मं आपोआप ठरतं. माथ्यावर उंच घुमट असेल तर डबा जुना: उन्हाने फुगणाऱ्या तेलाला जागा म्हणून तो घुमट असे, आता टाकीतच तेवढी जागा मोकळी सोडतात. टाकीखाली सलग लोखंडी चौकट असेल तर बहुधा १९६०च्या आधीचा, नंतरच्या डब्यांत टाकी हीच चौकट झाली आणि गाडीचा सगळा ताण तीच सोसते. आणि अगदी मुळाशी जायचं तर १८६५ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलजवळ डेन्समोर बंधूंनी सपाट वाघिणीवर लाकडाचे दोन उभे पिंप ठेवले, तो पहिला टँकर. तो मी आइस्क्रीमच्या काड्या चिरून केलाय. काकू, तुम्ही ज्याला “हे ताकाचे रांजण का?” म्हणालात तो तोच.

एक डबा मी फळीवर ठेवत नाही, खणात ठेवतो. डॉट-१११ जातीचा, काळा, कच्च्या तेलाचा. ६ जुलै २०१३च्या रात्री कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात अशा ७२ टाक्यांची गाडी उतारावरून मोकाट आली, ६३ टाक्या घसरल्या, गावाच्या मध्यात आग लागली आणि ४७ माणसं गेली. हा डबा मी त्याच्या आदल्या महिन्यात पुरा केला होता. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला, तेव्हा मी अण्णांना मनमाडला फोनवर वाचून दाखवला. गाडी रात्री उताराच्या रुळावर एकटी उभी करून ठेवलेली, चालू ठेवलेल्या इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं, ब्रेकमधली हवा हळूहळू उतरली, इंजिनांचे ब्रेक सुटले.

अण्णांनी एकच विचारलं, “हॅन्डब्रेक किती बांधले होते?”

“सात. पाच इंजिनांचे आणि दोन डब्यांचे.”

“भरलेल्या बहात्तर टाक्यांना सात?” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. अहवालाच्या हिशेबाने किमान सतरा लागले असते. “आणि गुटके?” त्यांनी शेवटी विचारलं. चाकाखाली लाकडी गुटके सारणारा माणूस तिथे नव्हता, हे त्यांना पटवून द्यायला मला वेळ लागला.

त्यानंतर इथे नव्या टाक्यांचा पत्रा ७/१६ इंचावरून ९/१६ इंच झाला, म्हणजे ११ मिलिमीटरचा १४. टोकांना पूर्ण उंचीच्या ढाली आल्या. १:८७ मध्ये हा तीन मिलिमीटरचा फरक केसाहून बारीक होतो, दाखवता येत नाही. नवी डॉट-११७ जातीची टाकी मी केली आहे, ती फळीवर आहे.

“मग आपल्याकडचा एखादा का नाही?” हाही प्रश्न येतो, बहुतेक वेळा मनमाड, नांदगावकडच्या माणसाकडून, कारण पानेवाडीचे डेपो त्यांनी पाहिलेले असतात. मुंबईहून पाइपलाइनने आलेलं तेल तिथून टाक्यांनी पुढे जातं. करायला घेतला आहे. हल्लीची बीटीपीएन, म्हणजे पेट्रोल-डिझेल नेणारी आपली टाकी-वाघीण, बाजूला अकरा आकडी नंबर: पहिले दोन आकडे जातीचे, मग दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या सालाचे, चार त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा पडताळ्याचा. अडतंय रुळावर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, सत्याऐंशीने भागला तर सव्वाएकोणीस येतो. माझे रूळ साडेसोळाचे. त्यावर बीटीपीएन ठेवली तर दांडगा पैलवान पोरांच्या सायकलवर बसल्यासारखी दिसते. आणि तीस फूट रूळ उखडायला घरातून परवानगी नाही.

तोवर अण्णांची एक गोष्ट. २०१६ साली ते सहा महिने इथे होते. रोज सकाळी चहा घेऊन मागच्या खोलीत जायचे, फळ्यांच्या कडेने डावीकडून उजवीकडे चालायचे, अधूनमधून थांबायचे. कौतुक एकदाही केलं नाही. एक दिवस तो पहिला डबा, नट-बोल्टवाला, त्यांनी उचलला, कानाशी नेला, हलवला. खळ्ळ. माझ्या कामाच्या टेबलावरून किसायचा खडू घेतला आणि काळ्या टाकीवर मोठ्या देवनागरीत लिहिलं: सिक. मग डबा रुळांच्या अगदी टोकाच्या, भिंतीकडच्या बाजूला नेऊन ठेवला. त्यावर मी वार्निशचा हात मारला म्हणून अक्षरं टिकली आहेत. पुढच्या गणपतीत याल तेव्हा नातवाला हातात घ्यायला डबा हवा असेल, तर तो मागा. खुळखुळ्यासारखा वाजतो.