तुम्ही विचारलंत म्हणून: ऋ म्हणजे रु की रि?

‘कृष्ण’चा खरा उच्चार क्रुष्ण की क्रिष्ण, हा प्रश्न वरचेवर येतो. मुलीचं नाव रोमन लिपीत लिहायची वेळ आली की हमखास: अमृतामध्ये यू घालायचा की आय? मराठी, गुजराती, ओडिया, तेलुगू माणूस रु म्हणतो. हिंदी, बंगाली माणूस रि. मूळ संस्कृत उच्चार मात्र दोन्ही नव्हे. ऋ म्हणजे स्वराचं काम करणारा नुसता र. त्याला इ-उचा टेकू लागत नाही.

तो स्वर आहे याचा पुरावा संधीतच सापडतो. इति + आदि = इत्यादि, सु + आगत = स्वागत, तसंच मातृ + आज्ञा = मात्राज्ञा. पुढे दुसरा स्वर आला की इचा य्, उचा व् आणि ऋचा र् होतो. ऋमध्ये मुळात उ असता तर तो संधीत कुठेतरी डोकावला असता. ऋक्प्रातिशाख्य या ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या प्राचीन ग्रंथात ऋकाराच्या मध्यभागी रेफ (र) असतो असं म्हटलंय. म्हणजे र मधोमध आणि दोन्ही बाजूंना स्वराचा पुसटसा अंश. संस्कृतच्या जवळच्या अवेस्ता भाषेत, म्हणजे पारशी धर्मग्रंथांच्या भाषेत, याच जागी र आणि त्याच्या मागेपुढे अस्पष्ट अ लिहिलेला आढळतो.

मग रु आणि रि आले कुठून? स्वर म्हणून र सांभाळणं जिभेला जड जातं, म्हणून प्राकृतांनी त्याच्या जागी सोपा स्वर बसवला. कुठला, हे प्रांतावर आणि शब्दावर ठरलं. ठिकठिकाणी कोरलेल्या अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्यासाठी मारल्या जाणाऱ्या मोरांचा आणि हरणाचा उल्लेख आहे. त्यातला ‘मृग’ गुजरातेतल्या गिरनारला ‘मगो’ आहे, उत्तराखंडातल्या काल्सीला ‘मिगे’ आणि आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला ‘म्रुगो’. थोडक्यात, हा वाद इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला आहे! मराठीतही तिन्ही वाटा दिसतात: पृष्ठवरून पाठ, वृश्चिकवरून विंचू, आणि प्रच्छ् धातूच्या पृच्छति या रूपावरून पुसणे. हिंदीने पृष्ठचं पीठ केलं, मृत्तिकेची मिट्टी, आपली माती. पुढे संस्कृत शब्द पुन्हा जसेच्या तसे भाषेत आले, तेव्हा मूळ उच्चार जिभेवर उरलेलाच नव्हता. प्रत्येकाने र ठेवला आणि त्याला आपापला स्वर जोडला.

हा ध्वनी आजही जिवंत ऐकायचा असेल तर मध्य युरोपाकडे कान लावा. चेक प्रजासत्ताकातल्या ‘ब्र्‌नो’ शहराच्या नावात दोन अक्षरं आहेत आणि पहिल्यात रशिवाय स्वर नाही. क्रोएशियाच्या ‘क्र्‌क’ बेटाचं अख्खं नाव एका अक्षराचं. स्लोव्हाक तर आपल्या वर्णमालेची आठवण करून देते: तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ ऋ आणि ऱ्हस्व-दीर्घ ऌ हे चारही रोजच्या शब्दांत आहेत. आपल्याकडे दीर्घ ॡ वर्णमालेच्या हौसेपुरता, आणि ऌ मराठीत ‘क्लृप्ती’पुरता.

अमेरिकन ‘बर्ड’मधला किंवा चिनी भाषेतल्या ‘दोन’ या आकड्यातला स्वर याचा चुलतभाऊ. तिथे जीभ टाळूला लागतच नाही. ती मागे वळते किंवा गोळा होते आणि स्वरालाच रचा रंग चढतो. असे स्वर जगातल्या शंभरात एकाहूनही कमी भाषांत आहेत, पण त्यांत इंग्रजी आणि चिनी असल्यामुळे कानांवर सतत पडतात. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1939 मध्ये निलगिरीतल्या बडगा भाषेचे असे वळलेले स्वर नोंदवले, तेही वळण्याच्या दोन पायऱ्यांसह. पाकिस्तानातल्या चित्रालमधल्या कलाशा भाषेतही ते आहेत.

आता उच्चार. ओठ सैल ठेवा. ते गोल झाले की रु, ताणले की रि. निम्मी चूक इथेच होते. जिभेचं टोक वरच्या हिरड्यांच्या थोडं मागे न्या आणि घशातून आवाज चालू ठेवून ते एक-दोनदा थरथरू द्या. पुढचं व्यंजन येईपर्यंत जीभ खाली पडू द्यायची नाही. पडली की स्वर घुसलाच. सुरुवात ‘कृष्ण’ने करा, कारण पुढचा ष जिभेला वरच ठेवतो. ‘तृप्त’ नंतर घ्या: तिथे पुढच्या पसाठी ओठ आधीच मिटू लागतात आणि उ येतो. सगळ्यात अवघड ‘ऋतू’, कारण आधी टेकायला व्यंजनच नाही.

जमलं का, ते वृत्तात तपासा. गीतेतली ‘नवानि गृह्णाति नरोऽपराणि’ ही ओळ उपेंद्रवज्रेची: लघु, गुरू, लघु, गुरू, गुरू... ‘नि’ लघुच हवा. ‘ग्रुह्णाति’ म्हटलंत की ग्रु हे जोडाक्षर झालं, मागचा नि गुरू झाला आणि वृत्त मोडलं. ‘ग्रिह्णाति’नेही तेच होतं. ‘अमृत’चंही तसंच: तीन लघू, पण ‘अम्रुत’ म्हटलं की अ जड होतो.

रोजच्या मराठीत मात्र क्रुष्णच म्हणा. तो मराठीचा रूढ उच्चार आहे, अशुद्ध नाही; ‘क्रिष्ण’ म्हणून कुणी जास्त शुद्ध होत नाही. नावात यू बिनदिक्कत घाला, फक्त जन्मदाखला, शाळा आणि पासपोर्ट तिन्हीकडे एकच स्पेलिंग ठेवा. देवनागरीत मात्र गृहपाठ, कृपया, दृश्य असंच लिहायचं. आणि उलट बाजूने ‘क्रूर’चं ‘कृर’ करायचं नाही.