हसत नाहीये, उकडतंय त्याला

माझी एक मैत्रीण प्राण्यांची व्यक्तिचित्रं काढते. हा शब्द तिचाच. मी एकदा नुसतं 'प्राण्यांची चित्रं' म्हणालो, तर ब्रश खाली ठेवून तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा हिंमत झाली नाही.

परवा गेलो तेव्हा इझलवर एक म्हातारा कुत्रा होता. तोंड उघडं, जीभ बाहेर. मी म्हटलं, "काय गोड हसतोय!"

"हसत नाहीये. उकडतंय त्याला."

मग मी गप्प बसून बघत राहिलो. नाकाच्या शेंड्यावरचा ओलेपणा जमेपर्यंत काळ्यात निळा मिसळत तिने बराच वेळ घालवला. तोंडाभोवतीचे पिकलेले केस एकेक करून ओढले. डोळे मात्र कोरेच, त्यामुळे इतकं होऊनही कुत्रा कापूस भरलेल्या खेळण्यासारखा दिसत होता. मग तपकिरी रंग, काळी बाहुली, वरच्या पापणीची सावली आणि शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका. तो टेकला मात्र, आणि मी नकळत सावरून बसलो.

तो ठिपका म्हणजे उजेडाचं प्रतिबिंब. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२ साली रंगवलेल्या सशाच्या डोळ्यात तर अख्खी खिडकी दिसते, चौकटीसकट. रानातला ससा आणि डोळ्यात खिडकी!

भाव दाखवायचा म्हणजे प्राण्याला माणूस करायचं, असं मला वाटायचं. ती म्हणते, तिथेच चित्र बिघडतं. शेळीची आडवी बाहुली आपल्याला बावळट वाटते. शेळीला तिच्यामुळे चरता चरता दोन्ही बाजूंचं दिसतं. कुत्र्याचं तेवढं वेगळं. डोळ्याची आतली कड वर उचलणारा त्याचा स्नायू चांगला तयार असतो, लांडग्यात तो जेमतेम. ते केविलवाणं बघणं त्याने बहुधा आपल्या सहवासातच कमावलंय.

इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्जने घोडा कळावा म्हणून जवळजवळ दीड वर्ष मेलेले घोडे सोलले. नंतर १७६२च्या सुमारास त्याने 'व्हिसलजॅकेट' नावाचा घोडा रंगवला: जवळपास खऱ्या मापाचा, मागे ना झाड, ना आभाळ, ना स्वार. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याचा डोळा पाहून हा माणसासारखा आहे, असं कुणी म्हणणार नाही.

एवढ्यात फोन वाजला. कुत्र्याचे मालक.

"हसरा काढलात ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाली, "अगदी हसतोय."