‘प्लेस कर’ म्हणजे नेमकं कुठे?

“जोर कशाला लावतोस, प्लेस कर!” स्क्वॉश कोर्टाच्या काचेबाहेर उभं राहून हे कुणीही सुनावतं. कुठे, किती उंचावर, असं विचारलं की उत्तर मिळतं, “मोकळी जागा बघून.” मोकळी जागा मलाही दिसते हो! बॉल तिथे जात नाही, त्याचं काय? या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

सर्व्हिस, फोरहँड, फटका मारून टीवर, म्हणजे कोर्टाच्या मध्यात रेघा मिळतात तिथे, परतणं, हे सगळं फारशी कटकट न होता जमलं. घोडं अडलं ते बॅकहँड ड्राइव्हवर, म्हणजे समोरच्या भिंतीवरून येऊन डाव्या भिंतीलगत मागे जाणाऱ्या फटक्यावर. सणसणीत मारला की बॉल मागच्या भिंतीवर आपटून थेट कोर्टाच्या मध्यात, समोरच्याला आयता. हळू मारला की सर्व्हिस बॉक्सपाशीच (सर्व्हिस करताना उभं राहायचा चौकोन) बसायचा, तोही भिंतीपासून हातभर लांब. “सराव कर, येईल.” कशाचा सराव, ते देव जाणे!

गाठ सुटली ती आधी उंचीमुळे. समोरच्या भिंतीवर टिन, म्हणजे ज्याच्या वरच बॉल लागावा लागतो ती तळाची पट्टी, जमिनीपासून 48 सेंटिमीटरवर संपते, सर्व्हिसची रेघ 1.78 मीटरवर. जोरात मारणाऱ्याचा नेम टिनच्या जरासा वर असतो. मी स्विंग संथ ठेवून सर्व्हिसच्या रेघेच्या चांगला वर मारायला लागलो, तसा बॉल कमान घेऊन बॉक्सच्या मागे टप्पा घ्यायला लागला. दुसरा टप्पा मागच्या भिंतीच्या बुडाशी पडला की समजा जमलं. बॉक्सच्या मागे जेमतेम अडीच-पावणेतीन मीटर जागा उरते. तिथे रॅकेटचं कव्हर टाकून त्यावर नेम धरत एकट्यानेच मारत राहायचं. भयंकर कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

लांबी आली तरी बॉल मध्याकडे सरकायचा. याचं कारण काचेबाहेर मोबाइल ठेवून काढलेल्या व्हिडिओत दिसलं. उजव्या हाताने खेळणाऱ्याने बॅकहँडला उजवा पाय पुढे टाकून बॉल साधारण त्या पायाच्या रेषेत असताना मारायचा. फार आधी गाठला तर तो तिरका मध्याकडे जातो. उशीर झाला तर आधी बाजूच्या भिंतीला लागतो आणि मध्यातच येतो. दुखणं दिसायला एकच, औषध मात्र उलटं. आता सांगा, “प्लेस कर” ऐकून यातलं काय कळणार?

हो, बॉलचं राहिलंच. दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल गार असताना उसळतच नाही, त्यामुळे आधी मारून मारून तापवावा लागतो. नवशिक्यांनी सरळ एका ठिपक्याचा घ्यावा. शिवाय जितका जोर लावाल तितका बॉल तापतो, जास्त उसळतो आणि मागच्या भिंतीवरून आणखी सोपा होऊन परत येतो. उंच, संथ फटक्यात आपल्याला टीवर पोचायला वेळ मिळतो तो वेगळाच.

परवा माझ्यापेक्षा तगड्या, प्रत्येक बॉल फोडून काढणाऱ्या एका पोराला मागच्या डाव्या कोपऱ्यात अगदी डांबून ठेवलं. त्याची रॅकेट भिंतीला खरवडत होती. काय सुख होतं त्या आवाजात! कसाबसा बोस्ट, म्हणजे आधी बाजूच्या भिंतीवर मारलेला फटका, काढायचा, तोवर मी टीच्या पुढे तयार.

आणि गॉगल घाला. बॉल भिंतीलगत राहायला लागला की दोघंही त्याच कोपऱ्यात घुटमळता, आणि समोरच्याची रॅकेट कुठे फिरेल याचा नेम नसतो.