लष्करच्या घरांतले लष्करी फोटो: शिपाई आणि जागा ओळखताना

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या मराठी घरांत गणवेशातल्या पणजोबांना सरसकट ‘मराठा रेजिमेंटचे’ म्हणतात आणि शोध तिथेच भरकटतो. शिंद्यांच्या संस्थानाची स्वतःची फौज होती. पहिल्या महायुद्धात तिच्या पलटणी इम्पिरियल सर्व्हिस ट्रूप्स, म्हणजे संस्थानांनी ब्रिटिशांच्या मदतीला दिलेली फौज, म्हणून समुद्रापार गेल्या. नोव्हेंबर 1914च्या टांगा मोहिमेत, पूर्व आफ्रिकेत, ग्वाल्हेर इन्फन्ट्रीची अर्धी पलटण होती. त्यांतला माणूस बेळगावच्या मराठा सेंटरच्या, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या केंद्राच्या, कागदांत सापडायचा नाही. म्हणून आधी ठरवायचं ते हे: संस्थानी फौज की ब्रिटिशांची इंडियन आर्मी?

उत्तर बहुतेक वेळा खांद्यावरच्या पितळी अक्षरांत आणि पलटणीच्या आकड्यात असतं. फोटो फ्रेममधून काढा, पण काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा. फ्लॅटबेड स्कॅनर, 1200 डीपीआय, 16 बिट ग्रेस्केल, टिफ फाइल. मोबाइलने काढलेल्या फोटोत हा आकडा हमखास विरघळतो. 103, 105, 110, 114, 116, 117 यांपैकी आकडा दिसला तर पलटण मराठ्यांची आणि काळ 1922च्या आधीचा. त्या वर्षी फेररचना झाली, सगळ्या 5 मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या आणि 110ची 3/5, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण, झाली.

छातीवरच्या पदकांच्या फिती तारखेची खालची हद्द बांधून देतात. ब्रिटिश वॉर मेडल हे पहिल्या महायुद्धाचं पदक 1919चं. ती फीत दिसली तर फोटो आघाडीवरचा नाही, युद्ध संपल्यानंतरचा. बर्मा स्टार हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रह्मदेश आघाडीचं पदक 1945च्या आधी असूच शकत नाही. मात्र जुनी फिल्म लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा पांढुरका दाखवते. वॉर मेडलच्या फितीतला मधला रुंद केशरी पट्टा म्हणूनच काळपट येतो, कडेची निळी रेघ फिकट. सॉफ्टवेअरने भरलेल्या रंगांवर तर अजिबात विसंबू नये.

छपाई उलटी झाली आहे का, हेही आधीच बघा. ली-एनफील्ड रायफलचा बोल्ट उजव्या बाजूला असतो आणि कोटाचं डावं पाखं वर येतं. दोन्ही उलटं दिसलं तर निगेटिव्ह फिरलेली आहे.

जागेसाठी मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं, उदाहरण फार बोलकं आहे. बगदादजवळच्या टेसिफोन या प्राचीन शहराची प्रचंड विटांची कमान अनेक ग्रुप फोटोंत मागे दिसते. 1888च्या पुरात तिची उत्तरेकडची बाजू कोसळली, उरली ती दक्षिणेची. दर्शनी भाग पूर्वेला तोंड करून असल्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत उभी भिंत कमानीच्या डावीकडेच हवी. उजवीकडे दिसली तर फोटो मागून घेतलेला असेल किंवा छपाई उलटी असेल; भिंतीवर कोनाड्यांच्या रांगा दिसत असतील तर ती दर्शनी बाजू, म्हणजे छपाईच उलटी. इथे नोव्हेंबर 1915 मध्ये 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी लढल्या, पुढे कूट या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. तरी कमान दिसली म्हणून फोटो लढाईचाच समजू नका. मार्च 1917 मध्ये बगदाद हाती आल्यावरही तिथे फौजा होत्याच. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यावरून मात्र जागा कधीच ठरवू नये, आणि हातातली रायफलही स्टुडिओची असू शकते.

नाव सगळ्यात शेवटी. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत फक्त मृतांची नावं आहेत, ऑगस्ट 1914 ते ऑगस्ट 1921 आणि सप्टेंबर 1939 ते डिसेंबर 1947 या काळातली. सुखरूप परतलेला माणूस तिथे नसणारच. इराकमधल्या बसरा स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, नुसती संख्या आहे, म्हणून शिलालेखाच्या फोटोत शोधू नका, यादीतच बघा. आणि आडनावापाशी अडू नका. जाधव, शिंदे, पवार हे कारकुनाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत उतरले. पलटण आणि मृत्यूचं वर्ष आधी टाका, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवत खाली या.