चहाडी नाही हो, काम आहे!

"म्हणजे दुकानदारांच्या चहाड्या करायचे पैसे मिळतात तुला?" परवा जेवताना काकांनी विचारलं आणि अख्खी पंगत हसली.

सुट्टीला नाशिकला आले की माझ्या मुख्य नोकरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सगळ्यांना रस या जोडधंद्यात. शनिवार-रविवारी मी इंग्लंडमध्ये मिस्टरी शॉपर असते, म्हणजे दुकानातली सेवा गुपचूप तपासणारं खोटं गिऱ्हाईक. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, नेमून दिलेली वस्तू मागायची, पावती जपायची आणि घरी येऊन भलीमोठी प्रश्नावली भरायची. आत शिरल्यावर किती वेळाने दखल घेतली? रांगेत किती मिनिटं गेली? बिल्ल्यावर नाव काय होतं? तिथे वही काढली की बिंग फुटलंच, म्हणून मी मेसेज टाइप करतेय असं दाखवत मोबाइलमध्ये टिपून घेते, नाहीतर सरळ ट्रायल रूम गाठते. एकदा गेलं की त्याच शाखेत पुन्हा लगेच पाठवत नाहीत, चेहरा लक्षात राहील म्हणून. मिळतं काय? बिलाचे पैसे आणि वर पेट्रोल निघेल इतकी फी. आणि मी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. घडलं तेवढंच लिहिते.

लिंकनशरमधल्या छोट्या गावांत पुष्कळदा अख्ख्या रस्त्यावर माझ्या रंगाची मी एकटी. वाटलं होतं, पहिल्याच दुकानात पकडली जाणार. छे! तिथला सेल्समन गोड हसतो, पावसावर दोन वाक्यं बोलतो आणि मी दाराबाहेर पडायच्या आत मला विसरतो. कामाला हे फार सोयीचं. एरवी कसं वाटतं, ते जाऊ दे.

इथे भांडी बाजारात तांब्याचा तांब्या घ्यायला गेले. सवयीने घड्याळ बघतेय तोवर मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू शाळेतल्या बाईंची धाकटी ना? कधी आलीस? बाईंचा गुडघा काय म्हणतो?" लगेच चहा. मी हातात धरलेल्या तांब्याला बुडाशी बारीकसा पोचा होता. तो त्यांनी काढूनच घेतला. "हा तुला नको." दुसरा बोटाने टणटण वाजवून दिला. प्रश्नावली भरायची तर माणूस सपशेल नापास: बिल्ला नाही, स्वागताचं ठरलेलं वाक्य नाही, 'आणखी काही दाखवू का' नाही. अशी माया तिकडच्या कुठल्या दुकानात मिळते, दाखवा मला.

फक्त, माझा चहा संपेपर्यंत खेड्यातून आलेलं एक जोडपं घागरीचा भाव विचारत उभं होतं. त्यांना उत्तर मिळालं तिसऱ्यांदा विचारल्यावर. पोचा आलेला तांब्या फळीवर पुढेच ठेवलेला होता. काकांना यातलं काही सांगितलं नाही. तिकडच्या बेगडी हसण्याला मी कितीही नावं ठेवली, तरी ते त्या जोडप्याच्याही वाट्याला आलं असतं, आणि नसतं आलं तर माझ्यासारखं कुणीतरी ते लिहून कळवतं. याला चहाडी म्हणायचं असेल तर म्हणा.

काकांना पटली ती एकच गोष्ट. तिकडे दारू विकत घ्यायचं वय १८, पण गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं दिसलं तरी ओळखपत्र मागायचं, असा बऱ्याच दुकानांचा शिरस्ता आहे. 'चॅलेंज २५' म्हणतात त्याला. तो पाळला जातो का हे बघायला अठरा-एकोणीस वर्षांची पोरं गिऱ्हाईक म्हणून पाठवतात.

"आपल्याकडे तर कायद्यातच २५ आहे," काका छाती फुगवून म्हणाले. (बिअरला २१, पण तो तपशील त्यांनी गाळला.)

"आणि ओळखपत्र कोण मागतं?"

"कशाला मागेल? दुकानदार बापाला ओळखतो की."

हे काम कुणाला सांगायचं नसतं, असं मी आईला बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं. खालच्या मजल्यावरच्या काकू तर पासबुक घेऊनच वर आल्या. बँकेतला खिडकीवरचा माणूस त्यांच्याशी खेकसून बोलतो, त्याला मी 'चेक' करायचंय. उद्या साडेदहाला. ओळख करून द्यायला त्या स्वतः सोबत येणार आहेत.