जुनी लाकडी जमीन: 60 नंबर, कोपरे आणि एक हट्टी डाग

मोठ्या खोलीतली जमीन घासून झाली, व्हार्निशचे दोन हातही बसले. तिसरा बाकी आहे. दुसरा हात सुकतोय तोवर इथपर्यंतच्या कामाची नोंद.

सुरुवात केली ती जुना थर कशाचा आहे हे बघण्यापासून. कपाटाखाली, जिथे नजर जात नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश असेल तर थोड्याच वेळात ते चिकट होतं, कारण चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. इथे काही झालं नाही. शेजारी टर्पेंटाइनची चिंधी घासली, तर मेणाचा पिवळट मळही आला नाही. म्हणजे तेलाचं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. मेण तपासणं महत्त्वाचं, कारण मेणावर नवं व्हार्निश धरतच नाही, नंतर पोपडे सुटतात. थर सगळीकडे शाबूत असता तर वरवर खरडून एक नवा हात मारला की भागलं असतं. पण दारापाशी आणि खिडकीखाली व्हार्निश उडून लाकूड करडं पडलं होतं. मुळापासून घासणं भाग होतं.

त्याआधी उंबऱ्याची पट्टी उचलून फळीची कड पाहिली. एकमेकींत अडकवलेल्या फळ्यांमध्ये घासायला मिळतं ते फक्त खाचेच्या वरचं लाकूड. फळी 19-20 मिमी जाड असली तरी हा वरचा भाग साधारण 6 मिमीच असतो, आणि आधीच्या घासण्यांत त्यातलाही काही गेलेला असतो. इथे पुरेसं लाकूड शिल्लक होतं. वर चांगल्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेल्या तयार फळ्यांना मात्र मशीन लावण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

वर आलेल्या खिळ्यांची डोकी पंचने 2-3 मिमी आत ठोकली. एकही राहिलं तर मशीनचा कागद फाटतो आणि ठिणगी उडते, आणि ती ठिणगी जाते भुशाच्या पिशवीत. व्हार्निशचा भुसा आतल्या आत धुमसत राहतो, म्हणून पिशवी रोज घराबाहेर रिकामी करायची, अपवाद नाही. वर जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो तपासल्याशिवाय कोरडा घासू नये.

आता खरं काम. घासायच्या कागदाचा क्रम 40, 60, 80, 100; नंबर जितका लहान, तितका कागद खरखरीत. 40 नंबरची मजा सगळ्यांनाच येते, कारण डोळ्यांदेखत काळपट थर निघून आतलं लाकूड दिसू लागतं. माझ्या मते जमीन बनते किंवा बिघडते ती 60 वर. तोपर्यंत व्हार्निश गेलेलं असतं आणि वरवर पाहता करायला काहीच उरलेलं नसतं, म्हणून हात सैल पडतो. पण 60 चं काम व्हार्निश काढणं नाहीच, 40 ने पाडलेले चरे काढणं हे आहे. ते राहिले तर 80 आणि 100 त्यांच्या फक्त कडा गुळगुळीत करतात. कोरड्या, धुळीने माखलेल्या लाकडावर काही दिसत नाही. व्हार्निशचा पहिला हात बसला की सगळे एकदम वर येतात.

यावर उपाय अगदी साधा. प्रत्येक नंबरच्या आधी पेन्सिलीने फळ्यांवर आडव्या नागमोडी रेघा ओढायच्या आणि त्या पूर्ण जाईपर्यंत घासायचं. रेघ जिथे उरते तिथे फळी खोलगट आहे. मग धूळ ओढून घेऊन टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून धरायचा. तिरप्या उजेडात उरलेला प्रत्येक चरा सावली टाकतो. मशीन नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने न्यायचं आणि कागद गुंडाळलेला फिरता ढोल खाली असताना जागेवर थांबवायचं नाही, नाहीतर तिथे खळगा पडलाच.

कोपऱ्यांत मशीन जात नाही. तिथे हाताचा स्क्रेपर. कानशीने त्याला धार लावली आणि दाबून आपल्याकडे ओढलं की आधी व्हार्निशची तपकिरी पूड निघते, मग चिकट चुरा, आणि अचानक कागदासारखी पातळ, वळलेली ढलपी. ढलपी आली की समजायचं, लाकूड लागलं. पुन्हा पूडच येऊ लागली तर धार गेली. सगळ्या कामात मला हेच सर्वांत आवडलं. आवाज नाही, धूळ जवळजवळ नाही.

लाकूड ओकचं आहे, त्यामुळे खिळ्यांभोवती काळी वर्तुळं होती. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की हा काळा रंग तयार होतो. ऑक्झॅलिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून लावल्यावर तो उतरला. नुसत्या डागावर न लावता अख्ख्या फळीवर लावलं, नाहीतर काळ्या डागाच्या जागी फिका डाग मिळतो. सुकल्यावर उरणारे पांढरे कण विषारी असतात. ते घासून उडवू नयेत, भरपूर पाण्याने पुसून काढावेत. हातमोजे आणि चष्मा हवाच. खिडकीखालचा एक मोठा डाग मात्र हलला नाही, म्हणजे तो लोखंडाचा नव्हे. फळी बदलता येईल, पण जुन्या फळ्यांत एक नवी कोरी फळी त्या डागापेक्षा जास्त डोळ्यांत खुपेल. तो राहू दे.

व्हार्निश तेलाचं घेतलं. पाण्याचं लवकर सुकतं आणि वासही कमी, पण ओकला येणारी मधाळ झाक मला हवी होती. पहिले दोन हात चकचकीत, शेवटचा मॅट. मॅट करणारी पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून काठीने सावकाश ढवळायचं; डबा हलवला की बुडबुडे. दोन हातांच्या मध्ये 220 ने हलकं घासून धूळ पुसायची. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. मी पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवतो.

तिसऱ्या हातानंतर दुसऱ्या दिवशी मोज्यांवर चालता येईल, पण व्हार्निश पूर्ण कडक व्हायला महिनाभर लागतो. तोवर सतरंजी नाही, आणि खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे. पुढचा नंबर पॅसेजचा. तिथे फळ्या आडव्या आहेत आणि मोठं मशीन वळतच नाही, त्यामुळे सगळं लहान चकतीच्या मशीनवर आणि स्क्रेपरवर. तिथले खिळे ठोकायला घेतले आहेत.